हातात काय धरलंय ते आधी बघायचं

चौथ्या शतकातलं साधं रोमन कांस्य नाणं इथे उत्तर इंग्लंडमध्ये, न्यूकॅसलला, एका सँडविचच्या किमतीत मिळतं. हे सांगितलं की घरी आलेले पाहुणे एक तर मी फसले असं धरून चालतात, नाहीतर मी घबाड दडवून बसलेय असं. दोन्ही खरं नाही. ही नाणी त्या काळी अफाट संख्येने पाडली गेली, ब्रिटनभर पसरली, आणि लोकांनी ती हरवली, पुरली, विहिरींत टाकली. आजही शेत नांगरलं की वर येतात. सोन्याचं नाणं हरवलं तर माणूस दिवा घेऊन शोधेल. भाजी-पावाला द्यायची तांब्याची चिल्लर पडली तर कोण वाकतंय!

मी मूळची कोल्हापूरची, इथल्या एका हॉस्पिटलच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी करते. लहानपणी पन्हाळ्यावर हिंडलेली माणसं जिथे जातील तिथे तटबंदी शोधतात, आणि न्यूकॅसलमध्ये ती शोधावीही लागत नाही. सम्राट हेड्रियनने इसवी सन १२२ मध्ये बांधायला घेतलेली भिंत शहराच्या पोटातून जाते. शहराचं रोमन नावच पॉन्स एलियस, म्हणजे एलियसचा पूल, आणि एलियस हे हेड्रियनचं कुलनाम. भिंतीच्या पूर्वेकडच्या टोकाला वॉल्सेंडचं मेट्रो स्टेशन आहे, तिथे इंग्रजीसोबत लॅटिनमध्ये पाट्या लावल्यात. पश्चिमेला भिंतीच्या कडेकडेने गेलं की चेस्टर्सचा किल्ला लागतो. तिथल्या छोट्याशा म्युझियममध्ये कोव्हेंटिना नावाच्या जलदेवतेच्या विहिरीतल्या वस्तू ठेवल्यात. ही विहीर जवळच्या कॅरोब्रफची. १८७६ मध्ये जॉन क्लेटन यांनी ती उपसली तेव्हा आत १३ हजारांहून जास्त नाणी निघाली, जवळजवळ सगळी तांब्या-पितळेची. देवाच्या कुंडात पैसा टाकायचा तर चिल्लरच टाकायची, ही रीत तिकडेही होती तर.

त्या नाण्यांपैकी तीनशेहून जास्त एकाच छापाची. अँटोनायनस पायस या सम्राटाची, सन १५४-१५५ ची, आणि मागच्या बाजूला ब्रिटानिया: खडकावर बसलेली बाई, डोकं हातावर टेकवलेलं, शेजारी ढाल. उत्तर ब्रिटनमध्ये त्या सुमाराला झालेल्या गडबडीशी अभ्यासक या छापाचा संबंध लावतात. १६७२ मध्ये इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सने आपल्या तांब्याच्या नाण्यांवर हीच ब्रिटानिया पुन्हा आणली आणि पुढे तीनशेहून जास्त वर्षं ती टिकली. माझ्या पर्समधल्या जुन्या ५० पेन्सवर ती आहे. फक्त आता ताठ बसते, हातात त्रिशूळ, शेजारी सिंह. आपल्याला ओळखीचाच वाटावा असा थाट! बाई तीच, पण हातातली वस्तू आणि बसण्याची ढब बदलली की हरलेल्या प्रांताची सत्ताधीश होते. मला नाण्यांचा नाद लागला तो इथे. सम्राटांचे चेहरे मला तेव्हाही फारसे भावले नव्हते, आजही भावत नाहीत. मला मागची बाजू हवी असते.

नाद लागला की पहिली पायरी खरेदी. नाण्यांच्या बाजारात टेबलांवर प्लॅस्टिकचे डबे असतात, आत मातीने माखलेली नाणी, वजनावर किंवा मुठीवर भाव. कुठली म्हणून विचारलं की विक्रेता हात हलवून म्हणतो, बाल्कनकडची असतील. हात शिवशिवतात हे खरं, पण मी तो डबा घेतला नाही. कारण सांगते. २०१० मध्ये सॉमरसेटमधल्या फ्रोमजवळ एका शेतात मेटल डिटेक्टरवाल्याला मातीचा रांजण लागला. त्याने खणणं थांबवून पुरातत्त्ववाल्यांना बोलावलं. त्यांनी रांजण थराथराने रिकामा केला: ५२,५०३ नाणी, वजन सुमारे १६० किलो. सगळ्यात उशिराची नाणी वरच्या थरात असायला हवीत ना? ती बरीच खाली होती. म्हणजे कुणी वर्षानुवर्षं त्यात पुंजी टाकत गेलं नव्हतं, रांजण एकदमच भरला गेला असणार. हे कुठल्याही एका नाण्यावर लिहिलेलं नाही. ते नाण्यांच्या जागेत होतं, आणि डब्यातल्या मालाची जागा कायमची गेलेली असते. त्यात तो माल ज्या देशातून निघाला तिथल्या कायद्याने निघाला का, हेही कुणी सांगत नाही.

इंग्लंडमध्ये त्यातल्या त्यात बरी सोय आहे. १९९६ च्या ट्रेझर अ‍ॅक्टनुसार तीनशे वर्षांहून जुनी, तांब्यासारख्या हलक्या धातूची दहा किंवा जास्त नाणी एकत्र सापडली तर सरकारला कळवावंच लागतं. सुटं नाणं सापडलं तर सक्ती नाही, पण पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम नावाच्या योजनेत शोधणारे आपणहून नोंद करू शकतात. फोटो, वजन, सापडलं ते गाव, सगळं. आमच्या नाणेमंडळातल्या एका वयस्कर सभासदाकडे अशी नोंद झालेली, यॉर्कशरच्या शेतांतली नाणी होती. प्रत्येकाबरोबर नोंदीचा क्रमांक. काही साफ केलेली, बरीच तशीच. मी मागितली तेव्हा त्यांनी आधी विचारलं, "तुला घाई आहे का? असेल तर देत नाही." घाई नव्हती. मिळाली.

आता सफाई. ही गोष्ट आईला फोनवर सांगितली तर ती म्हणाली, "अगं, चिंच-मीठ लावून घास की जरा, लख्ख निघंल." आपल्या घरात तांब्याच्या भांड्याचा धर्मच तो, चिंच नाहीतर पितांबरी. जुन्या नाण्याला मात्र ते विष. सोळा-सतराशे वर्षं मातीत राहिलेल्या तांब्याचा वरचा थर आता धातू राहिलेला नसतो, त्याची हिरवी किंवा तपकिरी पुटं झालेली असतात, आणि अक्षरं, नाक, दाढी, घोड्याचा पाय हे सगळं त्या पुटांत असतं. आम्ही त्याला पॅटिना म्हणतो. आम्लाने तो थर खाल्ला की खाली उरतो खड्ड्या-खड्ड्यांचा गुलाबी तांब्याचा गोळा. ऑलिव्ह तेलात बुडवून ठेवायची जुनी पद्धतही याच कारणाने मागे पडली, तेलही किंचित आम्लच असतं. मातृभक्ती बाजूला ठेवून मी डिस्टिल्ड वॉटर आणलं.

पद्धत कंटाळवाणी आहे आणि ती तशीच असायला हवी. नाणी पाण्यात ठेवायची. पाणी गढूळलं की बदलायचं. मऊ ब्रशने हलकेच फिरवायचं, पुन्हा पाण्यात. हे आठवडेच्या आठवडे. स्वयंपाकघराच्या खिडकीत बरण्यांची रांग लागली, नवरा म्हणायचा, "अगं, लोणचं मुरतंय का?" माती सुटते, पण तिच्याखाली दगडासारखा कठीण चुना-वाळूचा थर असतो, तो पाण्याला दाद देत नाही. तिथे बांबूची टूथपिक. टोक ओलं करायचं, सूक्ष्मदर्शकाखाली एक कण धरायचा आणि दाबायचं नाही, लोटायचं. कण सुटला की खाली गुळगुळीत काळपट हिरवं दिसलं तर बरोबर चाललंय. पिवळं किंवा लाल चकाकलं तर थांबायचं, तिथे पॅटिना संपलाय. अर्धं नाणं झाकलेलंच राहिलं तरी चालतं. न उघडलेला भाग पुढे कुणाला तरी उघडता येतो, घासून गेलेला परत येत नाही.

आणि एका गोष्टीवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावं लागतं: फिकट, पोपटी रंगाची भुकटी. नखाने उकरली की पिठासारखी सुटते. याला कांस्यरोग म्हणतात. रोग म्हणजे जंतू नव्हेत, रसायन. मातीतली क्लोराइडं तांब्यात मुरलेली असतात, हवेतला ओलावा मिळाला की त्यांचं आम्ल होतं, आम्ल आणखी तांबं खातं, त्यातून पुन्हा तेच. न्यूकॅसलच्या दमट हवेत तर याची चंगळ. अशी नाणी मी लगेच वेगळी काढते. खाण्याचा सोडा आणि धुण्याचा सोडा यांच्या पाण्यात बराच काळ ठेवते, मग पुन्हा डिस्टिल्ड वॉटर, मग पूर्ण कोरडी करून सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर बंद डबीत. शेवटी रेनेसान्स वॅक्स नावाच्या मेणाचा पातळ हात. हे मेण ब्रिटिश म्युझियमच्या प्रयोगशाळेतून आलेलं आहे.

इथवर हमाली. पुढचं वाचन.

पहिलं नीट उघडलेलं नाणं सतरा मिलिमीटरचं होतं, वजन अडीच ग्रॅमच्या आतबाहेर. सरळ उजेडात ते नुसती काळी टिकली. टेबललॅम्प जवळजवळ टेबलाला टेकवून उजेड आडवा सोडला आणि नाणं बोटांत हळूहळू फिरवलं, तेव्हा आधी मागच्या बाजूला चार उभ्या रेघा आल्या. दोन भाले, आणि त्यांच्या मधोमध दोन ध्वज. भाले धरलेले दोन शिपाई समोरासमोर, दुसरा हात ढालीवर. वर अर्धवट अक्षरं: ग्लोरिया एक्झर्सिटस, सैन्याचा गौरव. सम्राट कॉन्स्टंटाइनच्या राज्यात सन ३३० पासून हा छाप खंडीने पडला. यातली खरी खूण मधले ध्वज. सुरुवातीला दोन असतात. ३३५-३३६ च्या सुमाराला नाणं हलकं केलं गेलं, दीडेक ग्रॅमवर आलं, आणि छोट्या चकतीवर जागा पुरेना म्हणा किंवा नवं नाणं ओळखू यावं म्हणून म्हणा, दोनाचा एक ध्वज झाला. त्यामुळे लेख पार पुसलेला असला तरी ध्वज मोजून साल काढता येतं. रुपया घसरल्याचं असं उघड चित्र मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

शिपायांच्या पायाखाली आडवी रेघ, तिच्याखाली टांकसाळीची खूण. लॅटिन अक्षरं टी, आर, एस. टी-आर म्हणजे ट्रिअर, आजच्या जर्मनीतलं मोझेल नदीवरचं शहर. एस म्हणजे तिथला दुसरा कारखाना. लंडनची टांकसाळ ३२५ मध्ये बंद झाली, त्यानंतर ब्रिटनला नाणी येत ती बहुतकरून ट्रिअर, लियाँ आणि आर्लहून. पूर्वेकडच्या टांकसाळींत कारखान्याचा क्रम ग्रीक अक्षरांत घालत. अँटिऑक, सिझिकस, निकोमीडिया अशी नावं आली की समजायचं, हे नाणं लांबून चालत आलंय.

चेहऱ्याची बाजू त्यामानाने डोकेदुखी. कॉन्स्टंटाइनने आपल्या मुलांपैकी तिघांची नावं ठेवली कॉन्स्टँटिनस, कॉन्स्टँशियस आणि कॉन्स्टान्स. बारशाला दुसरी नावं सुचलीच नाहीत की काय! अर्धा लेख झिजला की 'कॉन्स्ट' एवढंच उरतं आणि चौघांपैकी कुणीही असू शकतो. मग डोक्यावर काय आहे ते बघायचं. ३३० च्या दशकात साधारणपणे पानांची माळ असेल तर युवराज, म्हणजे सीझर. मोत्यांचा किंवा रत्नांचा पट्टा असेल तर खुद्द सम्राट. माझ्या नाण्यावर माळ होती आणि कडेला 'आययूएन' अशी तीन अक्षरं तगली होती, युनिअर, धाकटा. म्हणजे मुलांतला कॉन्स्टँटिनस, दुसरा कॉन्स्टंटाइन. पुढे ३४० मध्ये तो सख्ख्या भावाशी, कॉन्स्टान्सशी लढताना अ‍ॅक्विलेयाजवळ मारला गेला. सैन्याचा गौरव तो हाच.

नक्की करायला 'रोमन इम्पीरियल कॉइनेज' ही खंडांची माळ आहे. सातव्या खंडात ३१३ ते ३३७, आठव्यात पुढचं. अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीने याच क्रमांकांवर एक ऑनलाइन सूची केली आहे, ती फुकट आहे. छाप, टांकसाळ, सम्राट घातलं की जुळणारी नाणी समोर येतात.

या लहान नाण्यांवर हात बसल्यावर मी मागे सरकले, पहिल्या-दुसऱ्या शतकातल्या मोठ्या पितळी नाण्यांकडे. सेस्टर्शियस म्हणजे त्यांची राणी. तळहातात वजन जाणवतं, वीस-पंचवीस ग्रॅमचा तुकडा. झिजलेल्या कडांना अजून पितळेची पिवळी झाक. चांगल्या स्थितीतलं घ्यायचं तर शेकड्यांत पौंड मोजावे लागतात. मी झिजलेलंच घेते. विक्रेते झिजलेल्या चेहऱ्याचे पैसे कापतात आणि मला मागची बाईच हवी असते, सौदा दोघांना पटतो. एक मात्र बघायचं: झिजलेल्या नाण्यावर केसांच्या बटा आणि कपड्यांच्या चुण्या अचानक धारदार दिसल्या, तर कुणीतरी आजकाल कोरणीने नाणं 'सुधारलेलं' असतं. कडेवर बारीक शिवण किंवा पृष्ठभागावर बुडबुड्यांचे खळगे दिसले तर ते ओतीव, म्हणजे सरळ नकली. खरी नाणी ठोकून पाडत, या काळात ओतत नसत.

या नाण्यांवरच्या बायका म्हणजे एक अख्खं देवघर. आणि इथे मराठी माणसाला जे आयतं येतं ते इथल्या लोकांना रट्टा मारून शिकावं लागतं. मूर्ती ओळखायची तर चेहरा बघायचा नाही, हात बघायचे. विष्णूची चोवीस रूपं शंख-चक्र-गदा-पद्म कोणत्या हातात आहे यावरून ठरतात. आमच्या अंबाबाईच्या हातात म्हाळुंग, गदा, ढाल आणि पानपात्र. यातलं एक बदललं की देवी बदलली. रोमन नाण्याचंही तसंच. सगळ्या उभ्या बायका अंगभर वस्त्रातल्या, सगळ्यांची तोंडं झिजलेली. सुकाणू आणि धान्या-फळांनी भरलेलं शिंग असेल तर फॉर्च्युना, दैव. तराजू आणि शिंग असेल तर एक्विटास, न्याय्य व्यवहार. पण मोनेटा, टांकसाळीची देवता, तीही तराजू आणि शिंगच धरते, तिथे लेखाशिवाय सुटका नाही. एका हाताने परकराचा घोळ उचलून दुसऱ्या हातात कळी धरलेली ती स्पेस, आशा. कणसं, धान्याचं माप आणि बाजूला जहाजाचं नाक असेल तर अ‍ॅनोना, रोमला पोचलेलं धान्य. पाक्स ऑलिव्हची डहाळी धरते आणि कधी कधी दुसऱ्या हाताने मशालीने शस्त्रांच्या ढिगाला आग लावताना दिसते.

माझी लाडकी सालुस, आरोग्याची देवता. अँटोनायनस पायसच्या एका झिजून गुळगुळीत झालेल्या सेस्टर्शियसवर ती मला सापडली. लेखातलं एक अक्षर वाचता येत नाही. फक्त एक बाई, समोर बुटकी वेदी, वेदीला विळखा घालून वर मान काढलेला साप, आणि बाईचा हात त्याच्याकडे, हातात उथळ ताट. ती सापाला भरवतेय. तिरक्या उजेडात सापाच्या मानेचा बाक आला आणि मी खुर्चीतून उठलेच. नाव वाचायची गरजच नव्हती. मूळ वापरणाऱ्यालाही नसणार. साम्राज्यातल्या बहुसंख्य लोकांना वाचता येत नव्हतं, ब्रिटनच्या शेतकऱ्याला लॅटिन तर दूरच. तांब्याचं नाणं हे त्याच्यासाठी होतं, आणि त्याला कळावं म्हणूनच हे ताट, हा साप. सोन्यावर बारीक कोरीव काम भले जास्त असेल, पण सरकार सामान्य माणसाशी काय बोलत होतं ते ऐकायचं तर चिल्लर बघावी. लॅबमध्ये माझ्या टेबलाशी मी सालुसचा मोठा केलेला फोटो लावलाय. रक्ताचे नमुने घेऊन येणारे लोक विचारतात, ही कोण. सांगते, आपल्या डिपार्टमेंटची.

सरकार काय बोलत होतं ते नेहमी गोड नव्हतं. ३४८ पासून एक नवी मालिका आली: फेल टेम्प रेपॅराशिओ, सुखाचे दिवस परत आणल्याची जाहिरात. त्यातला सर्वांत चालला तो छाप असा: रोमन शिपाई एका कोसळणाऱ्या घोडेस्वाराला भाल्याने भोसकतोय. स्वार घोड्याच्या मानेवर आडवा झालाय, काहींवर त्याच्या डोक्याला टोकदार टोपी असते, आणि तो मागे वळून एक हात वर करतो. थांब म्हणत असावा. हा हात जेमतेम दोन मिलिमीटरचा. चांगल्या नाण्यावर बोटंही दिसतात. सुखाच्या दिवसांचं हे चित्र मला पहिल्यांदा भिंगाखाली नीट दिसलं तेव्हा पोटात कालवलं. त्याच मालिकेत दुसरंही एक चित्र आहे: झाडाखालची झोपडी, आणि शिपाई एका लहानखुऱ्या माणसाला हाताला धरून बाहेर काढतोय. कॉन्स्टान्सच्या काळात फ्रँक टोळीच्या लोकांना साम्राज्यात वसवलं गेलं, त्याचा हा उल्लेख असावा असं मानतात. तो माणूस मागे, झोपडीकडे, बघतोय की काय हे मी अनेक नमुन्यांवर तपासलं. ठशागणिक वेगळं दिसतं.

यॉर्कशरच्या नाण्यांत घोडेस्वाराची एक भलतीच आवृत्ती निघाली. बारा मिलिमीटरची, कडा वेडीवाकडी, लेखाच्या जागी नुसत्या उभ्या दांड्या. स्वार वारली चित्रातल्या माणसासारखा, दोन त्रिकोण आणि काड्या. ही सरकारी नाही. ३५३ नंतर ब्रिटनला कांस्य नाण्यांचा पुरवठा आटला, आधीची नाणी चलनातून गेली, आणि बाजार तर चालायला हवा. म्हणून गावोगाव कुणीतरी ठसे कोरले आणि आपलीच चिल्लर पाडली. नकली म्हणावं तर सगळ्यांना माहीत असून चालत होती. कोरणाऱ्याला लॅटिन येत नव्हतं, पण भाला कुठे आणि घोडा कुठे हे त्याला पक्कं ठाऊक होतं. बाजारात या नाण्याला काडीची किंमत नाही. माझ्याकडचं कुठलंही आधी देईन, हे देणार नाही.

लांडगीचं नाणं मात्र प्रत्येक जण मागतो, म्हणून थोडक्यात. ३३० मध्ये कॉन्स्टँटिनोपल राजधानी झाली, तेव्हा जुन्या आणि नव्या राजधानीच्या नावाने जोडीने नाणी निघाली. रोमच्या नाण्यावर सम्राट नाही. पुढे शिरस्त्राण घातलेली रोमा, मागे रोम्युलस-रीमसला दूध पाजणारी लांडगी आणि वर दोन तारे. नव्या शहराच्या नाण्यावर जहाजाच्या नाकावर उभी विजयदेवता. दोन्ही स्वस्त आहेत, दोन्ही छान दिसतात, सुरुवात करायला याहून सोपं काही नाही.

जे स्वस्त नाही आणि ज्यासमोर मी बराच वेळ थांबते ते फाउस्टाचं. कॉन्स्टंटाइनची बायको. मागे एक स्त्री, दोन तान्ह्या मुलांना उराशी धरून उभी. लेखात प्रजासत्ताकाची आशा, नाहीतर सुरक्षितता. ३२४ ते ३२६ मधली नाणी. ३२६ मध्ये कॉन्स्टंटाइनने आधी आपला मोठा मुलगा क्रिस्पसला मारवलं आणि मग फाउस्टालाही. कारण आजवर पक्कं कुणी सांगू शकलेलं नाही. आधीच लोकांच्या कमरेला गेलेली नाणी मात्र परत येत नसतात, ती सुखी कुटुंब मिरवत फिरत राहिली.

आपल्याकडे रोमचं सोनं आणि चांदी आली. भारताशी व्यापारात दरसाल पाच कोटी सेस्टर्शियस जातात म्हणून पहिल्या शतकात रोमन लेखक प्लिनीने कुरकुर केली ती हिशोबाच्या एककात. प्रत्यक्ष पितळेच्या गोण्या काही कुणी जहाजात भरल्या नाहीत. कांस्य आलं ते उशिरा, आणि तेही तामिळनाडूत, करूर-मदुराईकडे, आणि श्रीलंकेत. तिथे हीच चौथ्या-पाचव्या शतकातली बारकी नाणी सापडतात, श्रीलंकेत तर त्यांच्या स्थानिक नकलाही पाडल्या गेल्या. माझ्या यॉर्कशरच्या वारली स्वाराचे चुलतभाऊ तिकडे हिंदी महासागराकाठी आहेत म्हणायचे. जुन्या छापावर नवा छाप मारायची गोष्ट मात्र आपण खुद्द नाशिकजवळ बघितलीय: जोगळटेंभीला १९०६ मध्ये सापडलेली तेरा हजारांवर नाणी क्षत्रप राजा नहपानाची, आणि त्यातल्या बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने पुन्हा आपला ठसा ठोकलेला.

कोल्हापूरच्या टाऊन हॉल म्युझियममध्ये ब्रह्मपुरी टेकडीवर सापडलेला कांस्याचा पोसायडन आहे. शाळेत असताना तो बघितला होता, कुणीतरी परदेशी देव एवढंच कळलं होतं. इथे मंडळाच्या बैठकीत रोमन सेनापती अग्रिप्पाचं एक तांब्याचं नाणं हातात आलं. त्याच्या नातवाच्या, कॅलिग्युलाच्या, काळात पाडलेलं असावं असं बहुतेक जण मानतात. मागे नेपच्यून, म्हणजे तोच समुद्रदेव. एका हातात त्रिशूळ, दुसऱ्यात छोटासा डॉल्फिन. ज्यांचं नाणं होतं त्यांनी मला विचारलं, इतक्या पटकन कसा ओळखलास? म्हटलं, आमच्या गावात असतो.

कुणाला सुरुवात करायचीच असेल तर आधी काटा घ्या, शतांश ग्रॅम दाखवणारा, नाणं नंतर. डब्यातला बेनामी माल सोडा. नोंद असलेलं किंवा जुन्या संग्रहाची पावती असलेलं एकच घ्या, दोन पौंड जास्त गेले तरी. प्रत्येक नाण्याचं कार्ड त्याच दिवशी लिहा: वजन, व्यास, कुठून आलं, मागच्या बाजूला कोण आणि त्याच्या हातात काय. नाव नंतर सापडलं तर नंतर लिहा. आणि भिंग दहापटीचं घ्या. वीसपटीच्या भिंगात नाणं दिसत नाही, नुसते खड्डे दिसतात.